डाळिंबाची रोपं पिवळी पडली? खत ठेवा बाजूला, आधी मुळं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खाल्लेल्या डाळिंबाचे दाणे कुंडीत पेरले, आठ रोपं उगवली, आता चार महिन्यांची होऊन वीतभर उंच आहेत. आठही एकाच कुंडीत, बाल्कनीत. रोज सकाळी पाणी, दर पंधरा दिवसांनी खत. तरी खालची पानं पिवळी होऊन गळतायत, शेंडा पुढे सरकत नाही. काय कमी पडतंय आणि फळ कधी लागेल?

कमी काहीच पडत नाहीये हो. लाड जास्त होतायत. मी एकवीस वर्षं रोपवाटिका चालवते आणि माझ्या हातून मेलेली डाळिंबाची रोपं आठवते, तेव्हा तहानेनं गेलेली बोटावर मोजण्याइतकी निघतात. बाकी सगळी पाण्यानं गेली. पहिल्याच वर्षी आठ दिवस बाहेर जायचं होतं म्हणून साठ पिशव्या पाणी भरलेल्या घमेल्यांत ठेवून गेले होते. परत आले तर पानं हिरवी दिसत होती, म्हणून खूश झाले. मग एका रोपाचं खोड मातीलगत चिमटीत धरलं, तर साल सालीसारखी राहिलीच नव्हती, केळीच्या सालीसारखी सरकली. साठातली नऊ वाचली. डाळिंब मुळात कोरड्या, उन्हाळी मुलखातलं झाड आहे. त्याची मुळं ओल शोधत खाली जाणारी. ओल आपणहून दारात येऊन बसली की ती शोधायचं सोडतात, आणि हवा मिळेनाशी झाली की कुजतात.

तेव्हा आज पाणी घालू नका. उद्या-परवा माती जरा आवळली की कुंडीच्या आतल्या कडेनं पातळ सुरी फिरवा, एक हात रोपांच्या बुडाशी पसरून कुंडी उलटी करा आणि बुडावर दोन चापट्या मारा. मातीचा गड्डा अख्खा हातात येईल. आता घाई न करता बघा. चांगली कोवळी मुळं पांढरट, ताठ आणि वाकवली तर टचकन मोडणारी असतात. जरा जून झालेली पिवळट-तपकिरी दिसतात. डाळिंबाच्या मुळाची साल पिवळीच असते, त्या पिवळेपणाला घाबरू नका. कुजलेलं मूळ काळपट असतं, आणि बोटात धरून हलकं ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं, आत नुसता दोरा उरतो. मग गड्डा नाकाशी न्या. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. कुजकट, मोरीसारखा वास आला तर तुमच्या पिवळ्या पानांचं उत्तर तिथेच मिळालं.

मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर मात्र प्रकरण वेगळं आहे. त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या गाठी. ती माती पुन्हा कुठल्याच कुंडीत वापरू नका. गाठी थोड्या असतील तर नवी माती आणि मूठभर निंबोळी पेंड यावर रोप निभावतं. गाठीच गाठी असतील तर ते रोप टाकून द्या, बाकीची वाचवा.

आता आठ रोपं वेगळी करायची. गड्डा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला की माती सुटते. मुळं एकमेकांत गुंतलेली असतील, ती ओढून तोडण्यापेक्षा पाण्यातच हलवत सोडवा, लांबलेल्या केसांतला गुंता सोडवतो तशी. काळी पडलेली मुळं कात्रीनं कापून टाका. यातली दोन-तीन रोपं बहुधा जाणार, हे धरून चाला. ज्याचं खोड बुडाशी टणक आहे आणि शेंड्याला तांबूस पालवी आहे, ते तुमचं रोप. डाळिंबाची नवी पालवी तांब्यासारखी लालसर येते, ती दिसली की रोप आतून चालू आहे असं समजायचं. हे काम संध्याकाळी करा आणि लावलेली रोपं चार-पाच दिवस उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवा.

कुंडी कितीची? इथे बहुतेक जण चुकतात. पुढे मोठं झाड व्हायचंच आहे तर आत्ताच मोठ्या कुंडीत लावू, असं वाटतं. वीतभर रोपाची मुळं मूठभर जागेतली. त्यांना अठरा इंची कुंडी दिली की बाकीच्या मातीतलं पाणी पिणारं कुणीच नसतं, ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते. म्हणून आत्ता पाच-सहा इंचांची कुंडी किंवा तेवढीच पिशवी. मुळं कडेला पोचून गोल फिरायला लागली, खालच्या भोकातून डोकावली, की दहा इंची. तिथून पुढे पंधरा ते अठरा इंच, आणि त्या कुंडीत झाड वर्षानुवर्षं राहू शकतं. एकदम मोठं घर दिलेल्या आणि पायरी-पायरीनं मोठ्या केलेल्या रोपांतला फरक मला दीड वर्षात स्पष्ट दिसतो. दुसऱ्याचं खोड जाड असतं.

भोकं मोठी हवीत, एकापेक्षा जास्त हवीत. भोकावर खापरीचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवला की झालं. तळाला खडीचा थर देण्याची जुनी रीत आहे, ती मी कधीच सोडली. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे निचरा वाढायचा राहिला बाजूला, ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. निचरा हवा असेल तर तो सबंध मातीतच हवा. माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग बागेतली माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. माती चिकण असेल तर वाळू दुप्पट. ओलं मिश्रण मुठीत आवळा आणि बोटानं टोचा. फुटून भुगा झाला तर बरोबर, लाडवासारखं राहिलं तर अजून वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये डाळिंब लावू नका. वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, मग आपण फसतो.

रोप आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. खोड खोल गाडलं की मातीलगतची साल सतत ओली राहते आणि तिथूनच सड सुरू होते.

पाणी किती, हे लोक मला 'दिवसाआड घालू का' असं विचारतात. दिवस मोजूच नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलसर लागलं तर आज नाही. कोरडं लागलं तर भरपूर, म्हणजे खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि मग पुन्हा बोट कोरडं निघेपर्यंत थांबायचं. बशीत साचलेलं पाणी पंधरा मिनिटांनी ओतून टाका. काही दिवसांनी बोटाचीही गरज उरत नाही. कुंडी एका हातानं उचलली की वजनावरून कळतं. कडक उन्हात लहान कुंडी रोज पाणी मागेल, गारठ्यात तीच कुंडी आठ-दहा दिवस मागणार नाही, आणि दोन्ही बरोबरच. रोज थोडंथोडं शिंपडणं मात्र सगळ्यात वाईट. वरचा बोटभर थर ओला, खालची मुळं उपाशी, आणि जी जगतात ती वरच्या वर पसरतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. भर दुपारी पानं जरा मलूल झाली आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहिली, तर ती तहान नव्हे. पण माती ओली असताना रोप लोंबलेलं दिसलं, तर मुळं कुजलीयत, त्यांना पाणी ओढता येत नाही. नेमकं अशा वेळी माणूस घाबरून आणखी एक तांब्या ओततो.

उन्हाचं म्हणाल तर दिवसाला सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. 'बाल्कनीत ठेवलंय' यावरून मला काही कळत नाही. रोपाची सावली जमिनीवर ठसठशीत पडते का आणि किती वेळ, ते एक दिवस बघून ठेवा. सावलीतलं डाळिंब मरत नाही, म्हणूनच फसवतं. बारीक, लांब, दोन पानांमध्ये भरपूर अंतर असलेलं वाढत राहतं आणि फुलत कधीच नाही. आत्तापर्यंत आडोशाला असतील तर एकदम दुपारच्या उन्हात काढू नका, पानं भाजतात. दहा दिवस सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवा.

खत दीड महिना बंद. खराब मुळांना खत देणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला पंगतीला बसवणं. नव्या पालवीच्या दोन-तीन जोड्या आल्या की सहा इंची कुंडीला महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, वरची माती हलकीशी उकरून. पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. तुम्ही देताय ते पाण्यात विरघळणारं रासायनिक खत असावं असा माझा अंदाज आहे. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी खरपुडी दिसत असेल तर नक्कीच. ते साठलेले क्षार आहेत. त्यानं पानांची टोकं करपतात. नव्या मिश्रणात लावल्यावर हा प्रश्न आपोआप सुटेल, पण पुढे पुन्हा दिसली तर एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

पिवळेपणाही वाचता येतो. खालची जुनी दोन-चार पानं पिवळी होऊन गळणं, बाकी रोप तरतरीत, हे वयाप्रमाणे होतं. सगळंच रोप फिकट आणि माती ओली, तर पाणी. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. बहुधा पाणी जड आहे किंवा मातीत चुना जास्त आहे, आणि मातीत असलेलं लोहही मुळांना उचलता येत नाही. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, डब्यावरच्या प्रमाणात दिलं की महिन्याभरात नवी पानं हिरवी येतात. आधीची पिवळी तशीच राहिली तर काळजी नको. आणि थंडीत सगळीच पानं पिवळी होऊन गळाली तर रोप मेलं म्हणून टाकून देऊ नका! डाळिंब पानगळीचं झाड आहे. थंड हवेत ते पूर्ण उघडं होतं, उबदार हवेत अर्धवट किंवा अजिबात नाही. शंका आली तर नखानं खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झोपलंय. तोवर पाणी अगदी कमी. मोठं झाड शून्याखाली दहा अंशांपर्यंतची थंडी सोसून जातं, पण कुंडीतलं कोवळं रोप नाही. दव गोठत असेल तर रात्री आत घ्या.

आता फळाचं. बीपासून वाढलेलं डाळिंब साधारण तीन ते पाच वर्षांनी फळाला येतं, कुंडीत त्याहून उशीरही होतो. पण त्याहून महत्त्वाचं सांगते, नंतर माझ्यावर रागवू नका. तुम्ही खाल्लं ते फळ पुन्हा मिळेलच असं नाही. प्रत्येक बी म्हणजे वेगळं मूल. आई 'भगवा' जातीची असो की 'वंडरफुल' जातीची, मुलं आंबट निघतील, कठीण बियांची निघतील, एखादं आईपेक्षा सरसही निघेल. तुमची आठ रोपं म्हणजे आठ निरनिराळी झाडं. अपवाद म्हटलं तर 'नाना' ही बुटकी शोभेची जात. ती बीपासूनही बऱ्यापैकी आईसारखी येते आणि लवकर फुलते, पण तिची फळं लिंबाएवढी आणि आंबट, खायच्या कामाची नाहीत.

खायलाच हवं असेल तर या रोपांच्या जोडीनं एक कलम लावा. ओळखीत कुणाकडे आवडतं झाड असेल तर काडी मागून आणा. झाड सुस्त असताना, नवी पालवी फुटायच्या आधी, गेल्या वर्षीची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या. वीतभर, म्हणजे वीस ते पंचवीस सेंटिमीटर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे उलटी लावली जात नाही. (हसू नका, मी एकदा अख्खा वाफा उलटा लावला आहे.) दोन तृतीयांश काडी मातीत, एक-दोन डोळे वर. सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा. महिन्याच्या आत पालवी फुटते आणि माणूस आनंदानं उपटून बघतो. बघू नका. ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटते, मुळं मागाहून येतात. दोन महिने हात लावायचा नाही. गुटीही छान होते, फांदीची इंचभर रुंद साल गोल काढून ओलं शेवाळ बांधायचं, पण त्याला हाताशी मोठं झाड लागतं. कलमाला दोन-तीन वर्षांत फळ येतं, आणि ते आईसारखंच.

बीच्या रोपाला असो की कलमाला, पहिली दोन वर्षं आलेली फुलं खुडून टाका. मन होत नाही, मला माहीत आहे. भगव्या-लाल, मेणातून कोरल्यासारख्या त्या फुलाला हात लावताना मलाही अजून जड जातं. पण पेन्सिलीएवढ्या खोडावर एक फळ पोसायचं म्हणजे त्या वर्षीची मुळं आणि फांद्या गहाण टाकणं.

तिसऱ्या वर्षी फुलं राहू द्या, आणि ढीगभर गळाली तर घाबरू नका. फूल हातात घेऊन बुडाकडे बघा. देठाशी निमुळतं, घंटेसारखं असेल तर ते कामापुरतं नर फूल, ते गळणारच. देठाशी फुगीर, सुरईसारखं असेल तर फळ त्यातूनच. लहान वयाच्या झाडाला घंटाच जास्त येतात, वय वाढेल तशा सुरया वाढतात. एकच झाड असलं तरी फळ धरतं, दुसरं लागत नाही. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी मऊ कुंचला एका फुलातून दुसऱ्यात फिरवा.

छाटणीबद्दल फार बोलत नाही. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, खालून तीन-चार फांद्या फुटतील, त्या राखा. बुडातून सतत फुटवे येत राहतील, ते कोवळे असतानाच हातानं मोडा. दोन-तीन वर्षं जुन्या लाकडावरच्या आखूड फांद्यांवर फळ येतं, तेव्हा दरवर्षी न्हाव्यासारखी सरसकट कात्री चालवली तर फुलं तुम्हीच कापताय.

किडींत लहान रोपावर मावा आणि पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की मावा आहेच, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. जोरात पाणी मारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण फेटून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. पिठ्या कापसासारखा दिसतो. चार-दोन असतील तर स्पिरिटचा बोळा लावून पुसून काढा. पानांवर पाण्यानं भिजल्यासारखे, पुढे काळपट होणारे तेलकट ठिपके आले तर ते तेल्याचं लक्षण असू शकतं. तो जिवाणूचा रोग आहे, औषधापेक्षा स्वच्छतेनं आवरतो. ती पानं काढून घराबाहेर टाका, रोपाच्या डोक्यावरून पाणी घालणं थांबवा, आणि कात्री दर रोपाला स्पिरिटनं पुसा.

फळं धरायला लागली की एकच नवी काळजी. फळ फुगत असताना कुंडी कडकडीत वाळू देऊन मग एकदम भिजवली, तर साल तडकते. त्या दिवसांत ओल एकसारखी ठेवा. फुलापासून पाच ते सात महिने लागतात आणि तोडलेलं डाळिंब घरात पिकत नाही, तेव्हा झाडावरच पिकू द्या. गोल फळाला कोपरे आल्यासारखे वाटले आणि टिचकीचा आवाज बद्द न येता खणखणीत आला की तोडा. देठ कात्रीनं कापा, पिळून ओढू नका.

आठातली सगळी जगली तर काय करायचं, हेही विचारलं होतंत. दोन ठेवा, बाकीची वाटा. देताना 'फळ कसं निघेल सांगता येत नाही' एवढं बोलून द्या. आणि उद्या कुंडी उलटी केल्यावर मुळांचा फोटो काढून ठेवा, पुढल्या वर्षी कुंडी बदलताना ताडून बघता येईल.